हरणाबाई मरत नाही

सोमवार, ८ डिसेंबर २०२५, धाराशिव

ही डायरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जानेवारीत पेन्शनरांच्या संघातून मिळाली. अकरा महिने टीव्हीखाली कोरी पडून होती. आज मी उघडली, कारण मला कुणाशी तरी बोलायचंय आणि ते ऑफिसात बोलून चालणार नाही.

तर भानगड अशी आहे, की मी बनवलेली म्हातारी मरत नाही.

पुण्याच्या एका कंपनीचं काम मी इथं घरी बसून करते. आमचा मोबाइलवरचा खेळ आहे, पाच विरुद्ध पाच. त्यातल्या पात्रांच्या ताकदीचा तोल सांभाळणं हे माझं काम. म्हणजे एकच पात्र इतकं भारी होऊ नये, की बाकीच्यांकडं कुणी ढुंकून बघणार नाही. चार वर्षं दुसऱ्यांची पात्रं दुरुस्त केली. मग ऑगस्टमध्ये माझं स्वतःचं पहिलं पात्र खेळात आलं, हरणाबाई. पांढऱ्या केसांची धनगराची म्हातारी. ती लढत नाही, घोंगडी अंथरते. जखमी गडी घोंगडीवर येऊन उभा राहिला की त्याचा जीव भरत जातो.

अण्णा तेरच्या शाळेत मास्तर होते तेव्हा तिथं खिचडी शिजवायला खरीच हरणाबाई होती. मी त्याच शाळेत होते. पोरगं पडलं, खरचटलं, की ती आपल्या घोंगडीवर बसवायची, हळद लावायची. तिथूनच मी हे उचललं.

आता ती म्हातारी माझ्याच डोक्यावर बसली आहे. ती ज्या टीममध्ये असते ती शंभरातल्या एकसष्ट मॅच जिंकते. पन्नासच्या आसपास असायला हवं. तिच्या घोंगडीवर कुणी मरत नाही, ती स्वतःही मरत नाही, समोरची पोरं वैतागून खेळ सोडून जातात. तिला ‘अमर आजी’ म्हणतात. आफरीन मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, आज शांतपणे म्हणाल्या, “चोवीस तारखेपर्यंत ती त्रेपन्नच्या खाली आली पाहिजे. नाही तर अठ्ठावीसला स्पर्धेची उपांत्य फेरी आहे, त्याआधी मी तिला खेळातून काढणार. कायमची.”

त्यांचं चुकत नाही. पण माझं पहिलंच पात्र आहे ते.

संध्याकाळी परंड्याच्या समदचा मेसेज. मामाच्या मोबाइलच्या दुकानात काम करतो, त्याची टीम स्पर्धेच्या उपांत्य फेरीत आहे आणि तो हरणाबाईच खेळतो. “ताई, काही बी करा, आजीला हात लावू नका. तिच्याच जिवावर इथवर आलोय.” मी फोन पालथा ठेवला.

मंगळवार, ९ डिसेंबर

गणित जुळत नाही. माझ्या तक्त्याप्रमाणे घोंगडी सेकंदाला ५९ जीव भरते. त्या हिशेबानं ती भारी ठरते, पण एकसष्ट? छे. माझी कल्पनाच मुळात चुकली असणार. हौसेला मोल नसतं म्हणतात, अकलेला असतं.

उत्कर्षला म्हटलं, तुझ्या बाजूनं एकदा सगळं तपासून बघ. उत्कर्ष म्हणजे आमचा नवा मुलगा, माझ्या तक्त्यातले आकडे खेळात भरतो. पुण्यातच वाढला, इंग्रजी शाळेतला. जुलैत लागला, अजून कायम व्हायचाय. दुपारी त्याचा फोन आला, कामाचं काहीच बोलला नाही. म्हणाला, “ताई, तुमचे बाबा गणिताचे सर होते ना? मला मराठी आकडे शिकवतील का?” एवढी इमारत पेटलीय आणि ह्याला पाढे सुचताहेत. म्हटलं, आधी काम कर बाबा.

अण्णांना आज बाजारात जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. ऑक्टोबरात चक्कर आली तेव्हापासून भाजी, गोळ्या, बँक, गॅस, सगळं मीच बघते. देवाच्या दयेनं त्यांना इकडची काडी तिकडं करावी लागत नाही. तरी हल्ली उगाच चिडचिड करतात.

शुक्रवार, १२ डिसेंबर

तीन दिवसांत तीन औषधं करून पाहिली. घोंगडी लहान केली, तर दोनच गडी मावतात आणि बाकीचे शिव्या घालतात. उशिरा अंथरू दिली, तर ती कामाची राहत नाही. घोंगडीला आग लागेल असं केलं, ते मलाच बघवेना. हरणाबाईच्या घोंगडीला आग लावणारी मी कोण?

उत्कर्ष दोन दिवस आजारी होता. आज आला तर आवाज पार बसलेला. म्हणाला, “रविवारी मी एकटाच आकडे बघून ठेवतो, तुम्ही नका त्रास घेऊ.” प्रेमात पडलाय की काय कोण जाणे. म्हटलं, रविवारी दोघं मिळून करू.

अण्णांनी मला न सांगता गवार निवडली. शेंगांच्या शिरा तशाच. मी पुन्हा निवडली.

रविवार, १४ डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी उत्कर्षला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. अण्णा शेजारी मटार सोलत होते. मी माझ्या तक्त्यातले आकडे वाचत होते आणि खेळात प्रत्यक्ष काय आहे ते तो सांगत होता. घोंगडीपाशी आलो. मी म्हटलं, “एकोणसाठ.” “आवाज तुटतोय ताई,” तो म्हणाला. मी परत विचारलं. मग हळूच म्हणाला, “सिक्स्टी नाइन.”

मी पुढच्या ओळीवर गेलेसुद्धा. अण्णा म्हणाले, “थांब नीरू. तू एकोणसाठ म्हणलीस. ते पोरगं एकोणसत्तर म्हणतंय.”

मग उत्कर्ष रडायला लागला. चोवीस वर्षांचा मुलगा.

ऑगस्टमध्ये, खेळ बाहेर पडायच्या आदल्या संध्याकाळी मी एसटीत होते. रेंज जात-येत होती. शेवटच्या चाचणीवरून मला आकडा वाढवायचा होता, म्हणून त्याला फोन केला, “चोपन्न नको, एकोणसाठ कर.” आणि त्यानं ६९ भरले. “मला वाटलं एकोण म्हणजे नाइन आणि साठ म्हणजे सिक्स्टी,” तो म्हणाला. “म्हणून सिक्स्टी नाइन.” मंगळवारी त्याला ते सापडलं. पाच दिवस तो हे पोटात घेऊन फिरत होता, कारण महिनाअखेरीस त्याची नोकरी कायम व्हायची की नाही ते ठरणार आहे.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहिते, लाज वाटते तरी. बरं झालं, माझी चूक नाही. हेच आलं. फोन ठेवून मी अण्णांना म्हणालेसुद्धा, “बघा, चार महिने माझ्या नावानं खडे फोडताहेत आणि घोळ कुणाचा.”

अण्णा मटाराची टरफलं गोळा करत म्हणाले, “पोराचं चुकलंच. पन एकोण म्हणजे एक उणा, हे त्याला कुणी शिकवलंच न्हाय. दुसरीतली पोरं बी असंच लिहायची. म्हणून मी आकडा तोंडी कधी सांगत नव्हतो, फळ्यावर लिहायचो.”

ऑफिसात तोच नियम आहे. आकडा लिहून द्यायचा, बोलायचा नाही. तो नियम मीच मांडला होता, तीन वर्षांपूर्वी.

सोमवार, १५ डिसेंबर

सकाळी मॅडमना सगळं लिहून पाठवलं. नियम मी मोडला, आकडा बसमधून तोंडी सांगितला, नंतर पडताळला नाही, हे आधी. उत्कर्षचं नंतर. पाठवून बटनावरून बोट उचललं आणि चहा टाकायला उठले. जानेवारीपासून तीन नवी पात्रं माझ्याकडं येणार होती.

मॅडमचं उत्तर दुपारी. “तीन पात्रं सध्या थांबतील. उत्कर्षची मुदत तीन महिने वाढवते, काढत नाही. त्याचंही पत्र सकाळीच आलंय, त्यात तुझं नावसुद्धा नाही. आता ५९ लावून काय होतं ते बघा. तारीख तीच.”

त्यात माझं नाव नव्हतं. सगळी चूक त्यानं एकट्यानं अंगावर घेतली होती. मी त्याला फोन केला. म्हटलं, अण्णा रोज सात वाजता मोकळे असतात.

बुधवार, १७ डिसेंबर

५९ लावून दोनशे मॅच खेळवल्या. पंचावन्न आले. हवेत त्रेपन्नच्या खाली.

म्हणजे सगळा दोष आकड्याचा नव्हता. माझ्या म्हातारीतच काहीतरी जास्तीचं आहे. आकडा अजून खाली ओढला तर ती जिवंत राहील, पण कुणी तिला घेणार नाही. उत्कर्ष म्हणाला, “ताई, टेस्टवाली मुलं म्हणतात, आजी असली की बाकीच्या चौघांना कामच उरत नाही. नुसतं उभं राहायचं.” म्हटलं, बरंच आहे की, आराम.

सात वाजता अण्णांनी त्याला एकोणीस ते एकोणनव्वद शिकवलं. फोनसमोर पाटी धरली होती. ती पाटी त्यांनी कुठून काढली देव जाणे. चष्मा पुसून, सदरा बदलून बसले होते.

शुक्रवार, १९ डिसेंबर, येळवस

वेळ अमावास्या, म्हणून आज गाव रिकामं, सगळे शेतात जेवायला. हरणाबाईच्या लेकाचं, हरिबाचं, दरवर्षी बोलावणं असतं. दरवर्षी मी काम आहे म्हणून टाळते. आज अण्णा म्हणाले, “तू न्हाय आलीस तर मी एकटा एसटीनं जाईन,” म्हणून गेले. तारीख डोक्यावर आणि मी तेरच्या शिवारात आंबील पीत बसले.

ज्वारी कमरेला लागलेली. कडब्याच्या खोपटात, कोपीत, पांडवांची पूजा झाली, मग घोंगड्या अंथरल्या. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. हरणाबाई ऐंशीच्या पुढं गेली असेल. कणा वाकलाय, पण आवाज तोच. अण्णांना बघून पदर सावरत म्हणाली, “गुर्जी, वाळलाव की. पोरगी खायला घालती का न्हाय?”

मी तिला मोबाइलवर तिचं पात्र दाखवलं. बराच वेळ बघितलं तिनं.

“ही मी व्हय? केस लई पांढरं केलंस.”

“आज्जी, लोक तक्रार करतात तुमची. म्हणतात, ही म्हातारी मरतच नाही.”

“आगं माय. म्हातारी मरंना म्हणून तक्रार? मग घरात आन् त्यात काय फरक हाय?” सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. हरिबा म्हणाला, “हिचं काय ऐकताव ताई, जेवा.”

मी जेवले. इतकं जेवले की उठवेना. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही सगळे घोंगड्यांवर आणि हरणाबाई बाजूला ढेकळांवर. सरकून जागा केली, या म्हटलं. आली नाही. शाळेतही ती कधी घोंगडीवर बसलेली मला आठवेना. पोरं घोंगडीवर, ती जमिनीवर.

“तुम्ही का बसत नाही हो कधी?”

“मी बसल्यावर उठवनार कोन? घोंगडीवर बसलं की पोरगं तिथंच लोळतंय. लई झालं आता, पळ, म्हनाया मी खाली पायजे की.”

माझा हात आंबिलीच्या मडक्यापाशी थांबला. मी माझ्या म्हातारीला तिच्याच घोंगडीवर उभं केलं होतं. स्वतः अंथरायची, स्वतःच बरी व्हायची. म्हणूनच ती मरत नव्हती. खऱ्या हरणाबाईनं जन्मात केलं नाही ते मी तिच्याकडून चार महिने करून घेत होते.

परतीच्या एसटीत अण्णांना सांगितलं. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “व्हय. लोळू देऊ नये मानसाला.” मला वाटलं खेळाबद्दल बोलताहेत, खूश झाले. हरणाबाईनं दिलेली ज्वारीची पिशवी मी घेत होते तर त्यांनी ओढून घेतली आणि घरापर्यंत स्वतः आणली. हट्टीपणा सगळा.

सोमवार, २२ डिसेंबर

तीन दिवस आणि दोनच बदल. एक, घोंगडी बाकी सगळ्यांना बरं करते, हरणाबाईला नाही. ती बाजूला मातीत. दोन, चार सेकंद झाले की ती “लई झालं, पळ” म्हणते आणि मग घोंगडीवर थांबून काही मिळत नाही. आवाज खऱ्या हरणाबाईचाच आहे. हरिबानं फोनवर भरून पाठवला, मागं कोंबडी ओरडते, ती तशीच ठेवली. तिचं नाव आणि आवाज वापरायच्या परवानगीचा कागदही मॅडमनी सहीसाठी हरिबाकडं पाठवला.

उत्कर्ष दोन रात्री जागला. प्रत्येक आकडा आधी मला लिहून पाठवायचा, मग अक्षरात लिहायचा, मग भरायचा. “एकोणसाठ, साठाला एक उणा.” मी हसले तर म्हणाला, सरांनी सांगितलंय.

चारशे मॅच. बावन्न.

मॅडमनी एकच शब्द पाठवला, “राहू दे.” मी खुर्चीवर बसून होते आणि डोळे आपोआप वाहत होते. अण्णांचं, उत्कर्षचं, मॅडमचं, त्या ढेकळांवर बसलेल्या म्हातारीचं, कुणाकुणाचं ऋण मानू असं झालं. एवढ्या लोकांनी धरलं म्हणून मी उभी आहे आणि मला वाटत होतं सगळं मीच उचललंय.

बुधवार, २४ डिसेंबर

बदल खेळात गेला. दुपारपर्यंत शिव्यांचा पाऊस. ‘आजीला मारलं’, ‘धाराशिवच्या बाईला हाकला’. हे माझ्या कामाचं नेहमीचं मानधन.

समदचा मेसेज लागला जास्त. “ताई, तुमी आपल्या जिल्ह्याच्या, म्हणून भरोसा होता. आता आजी पहिल्या फटक्यात जाती. चार दिवसांत नवीन काय शिकू?” मी त्याला खरं ते सगळं लिहिलं. एकोणसाठचं, एकोणसत्तरचं, माझ्या एसटीतल्या फोनचं. त्यानं वाचलं. उत्तर नाही.

आज भाजी अण्णांनी आणली. मी नको म्हणायच्या आत पिशवी घेऊन गेले. वांगी छान होती.

रविवार, २८ डिसेंबर

उपांत्य सामना आत्ताच संपला. आठवतंय तोवर लिहिते.

मी लॅपटॉपसमोर, उत्कर्ष फोनवर, अण्णा पाटीसकट शेजारी. चहा त्यांनीच केला. मी उठायला लागले तर म्हणाले, “बस तू.”

मला वाटलं होतं समद दुसरं पात्र घेईल. त्यानं हरणाबाईच घेतली. पहिला डाव हरले, दुसरा जिंकले. तिसऱ्याचा शेवट. परंड्याच्या तिघांना जबर मार बसलेला, ते मागं आले. समदनं घोंगडी अंथरली. तिघं वर, हरणाबाई बाजूला मातीत, तिचा स्वतःचा जीव बोटभर उरलेला. चार सेकंद. “लई झालं, पळ.” अण्णा खुदकन हसले.

तिघं उठले. समोर विरोधी बुरूज उघडा पडला होता, एक पळत जायचं आणि जिंकायचं, एवढंच. त्याच वेळी मागून विरोधी टीमचा एक गडी हरणाबाईवर चालून आला. जुन्या हरणाबाईला त्याची फिकीर नव्हती, ती आपल्या घोंगडीवर मरणारच नव्हती. तिच्याकडं वळून बघायची गरज कुणाला कधी पडलीच नाही.

तिघंही मागं फिरले. बुरूज सोडून.

समालोचक म्हणाला, मोठी चूक केली. चूक होतीच. म्हातारी वाचली, वेळ गेला आणि दुसऱ्या बाजूनं सामना गेला. मी रडत होते आणि हरल्याचं दुःख त्यात नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हरणाबाईसाठी मागं फिरलं होतं.

आत्ता समदचा आवाजातला मेसेज आला. मागं पोरांचा कालवा, कुणीतरी त्याला दाबेली खा म्हणतंय. “ताई, हरलो. पोरांना इचारलं, बुरूज सोडून कशाला आलाव रे? तर म्हणत्यात, आजीला एकटीला टाकून जाऊ वाटंना.”